भिंतीलगतचे पाणी

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी सुलतान बाजारात शिरावे. हैदराबादच्या कोठी भागातली ही जुनी बाजारपेठ. दोन्ही बाजूंना कापडाची, बांगड्यांची, भांड्यांची दुकाने आणि मधून माणसांचा लोंढा. एखाद्या दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ उभे राहून नुसते पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. गल्लीच्या मधोमध चालणारी माणसे झपाझप पुढे सरकतात. दुकानांच्या कडेची माणसे रेंगाळतात; कुणी साडीचा पोत बघते, कुणी भाव विचारते, कुणी नुसतेच खोळंबते. या कडेच्या माणसांनी दुकानापुढची जागा अडवलेली असते, म्हणून मधल्यांना दुकानापर्यंत पोचताच येत नाही. हजारो गिऱ्हाइके गल्लीतून जातात, पण दुकानदाराचा व्यवहार होतो तो कडेच्या पातळ रांगेशी.

आता गल्लीच्या जागी तांब्याची नळी घ्या. दुकानांच्या जागी नळीची तापलेली भिंत, माणसांच्या जागी पाणी आणि विक्रीच्या जागी उष्णता. नळीतून वाहणाऱ्या पाण्याला उष्णता देण्यातली सारी अडचण या चित्रात आहे. भिंतीला टेकलेले पाणी जागचे हलत नाही, त्याच्या शेजारचे रेंगाळते, आणि मधले पाणी भिंतीची भेट न घेता थंडच निघून जाते. मधल्या पाण्याला भिंतीपर्यंत कसे आणायचे, आणि ते आणण्यासाठी नळीत नेमका कुठे अडथळा ठेवायचा, हे संगणकावरच्या आकडेमोडीने कसे ठरवतात, ते या प्रकरणात पाहू.

बंबापासून बॉयलिंग हाऊसपर्यंत

सुलतान बाजार इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या सावलीत वाढला. तेव्हा त्याचे नाव रेसिडेन्सी बाजार. 1933 साली तो निजामाच्या ताब्यात परत आला आणि सुलतान बाजार झाला. आसपास मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. 1907 साली सुरू झालेली विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींची शाळा इथून चालत जाण्याच्या अंतरावर, जामबागेत.

अशा जुन्या घरांच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा. मधोमध उभी नळी, तीत कोळसा किंवा लाकडाच्या ढलप्या, खाली जाळी आणि राख पडायची जागा, आणि नळीभोवती पाणी. विस्तव नळीच्या आत, पाणी नळीच्या बाहेर. दोघांची गाठ कधी पडत नाही, पण मधल्या पत्र्यातून उष्णता पलीकडे जाते. हीट एक्स्चेंजर म्हणतात तो हाच. दोन वाहणाऱ्या पदार्थांना एकमेकांत न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारे साधन, एवढीच त्याची व्याख्या.

शेजारच्या ट्रूप बाजारात नळ, पाइप आणि विजेच्या सामानाच्या दुकानांची रांग आहे. तिथे मिळणारा गॅस गीझर उघडून पाहिला तर बंबाचाच नातू भेटतो. फरक इतकाच की आता पाणी नळीच्या आत आहे आणि ज्वाळा बाहेर. नळी पातळ पत्र्यांच्या चळतीतून ओवलेली असते, म्हणजे ज्वाळेची उष्णता टिपायला जास्त पृष्ठभाग मिळतो. एअर कंडिशनरच्या मागची जाळी, मोटारीचा रेडिएटर, दूधडेअरीतले पाश्चरायझर ही सगळी याच घराण्यातली. शहराच्या पश्चिमेला रामचंद्रपुरमला भेलचा कारखाना आहे. तिथे वीजकेंद्रांसाठी जे कंडेन्सर आणि हीट एक्स्चेंजर बनतात, त्यांच्या पोटात अशा नळ्यांचे जुडगेच्या जुडगे असतात.

मराठी माणसाच्या अगदी जवळचे उदाहरण साखर कारखान्याचे. निजामसागराच्या पाण्यावर पिकणाऱ्या उसासाठी 1937 साली बोधनला निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. तिथून नांदेड फार दूर नाही. 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना सुरू झाला. अशा प्रत्येक कारखान्यात गाळपातून निघालेला रस बॉयलिंग हाऊसमध्ये जातो, आणि तिथे पहिल्यांदा भेटतो तो ज्यूस हीटर. एका मोठ्या टाकीत नळ्या बसवलेल्या. नळ्यांतून रस, बाहेरून वाफ. साधारण 30 अंशांचा रस इथे 70 ते 75 अंशांपर्यंत तापवतात, पुढे चुना आणि गंधकाची प्रक्रिया झाल्यावर 100 अंशांच्या वर नेतात. ही वाफ बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून आलेली असते. नळीतून उष्णता नीट गेली नाही तर वाफ जास्त लागते, वाफ जास्त लागली की बगॅस जास्त जळते, आणि विजेसाठी शिल्लक राहते ती कमी.

अडवणारा पापुद्रा

उष्णता वाढवायची तर नळीचा पत्रा पातळ करावा असे आधी सुचते. आकडे मांडले की तो विचार मागे पडतो. तांबे पाण्यापेक्षा सहाशे पटींहून चांगले उष्णतावाहक आहे. 20 मिलिमीटर व्यासाची नळी घ्या, भिंत 1 मिलिमीटरची, आत 30 अंशांचे पाणी सेकंदाला 1 मीटर वेगाने वाहते आहे. हिशोब केला तर भिंतीलगतच्या पाण्याचा अडथळा तांब्याच्या अडथळ्याच्या सुमारे 85 पट निघतो. तांबे अर्धे केले तरी फरक पडत नाही. शत्रू पाण्यातच आहे.

हा शत्रू ओळखायला वेळ लागला. 1883 साली मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना धार सरळ रेघेसारखी गेली. एका मर्यादेपलीकडे ती थरथरली आणि साऱ्या नळीभर पसरली. वेग, व्यास आणि द्रवाचा चिकटपणा मिळून जो आकडा तयार होतो, त्याला आज रेनॉल्ड्स अंक म्हणतात. गोल नळीत तो 2,300 च्या आसपास पोचेपर्यंत पाणी थराथराने वाहते; 4,000 च्या वर गेला की प्रवाह खवळलेला, म्हणजे संक्षुब्ध, असतो. 1904 साली जर्मनीच्या लुडविग प्रांट्ल यांनी दाखवले की चिकटपणाचा खरा खेळ भिंतीलगतच्या पातळ थरात चालतो. त्याला सीमास्तर म्हणतात. सुलतान बाजारातल्या कडेच्या रेंगाळणाऱ्या रांगेचे हे शास्त्रीय नाव.

आपल्या 20 मिलिमीटरच्या नळीत रेनॉल्ड्स अंक 25,000 भरतो. अशा प्रवाहासाठी 1930 पासून वापरात असलेले डिटस आणि बोल्टर यांचे सूत्र लावले, तर भिंतीलगतचा अडथळा 0.13 मिलिमीटर जाडीच्या स्थिर पाण्याच्या पापुद्र्याइतका निघतो. पोस्टकार्डाच्या निम्मी जाडी. त्याच नळीत पाणी अगदी संथ, थराथराने वाहू दिले तर हाच पापुद्रा साडेपाच मिलिमीटरचा होतो. खवळलेल्या प्रवाहात मधले पाणी सतत कडेला फेकले जाते आणि कडेचे आत ओढले जाते. ही घुसळण जितकी जास्त, तितका पापुद्रा पातळ.

मग पंप मोठा लावून वेग वाढवावा का? वेग दुप्पट केला तर उष्णता देण्याची क्षमता सुमारे 74 टक्क्यांनी वाढते. पण पंपाला लागणारी शक्ती जवळजवळ सात पट होते. एवढी वीज खर्चून मिळालेली उष्णता क्वचितच परवडते.

गल्लीत बंडी लावायची, पण कुठे?

गर्दीच्या गल्लीत मधोमध फळांची बंडी उभी राहिली की काय होते? मधला लोंढा फुटतो, माणसे दोन्ही बाजूंना ढकलली जातात, आणि ज्यांना दुकानात जायचे नव्हते तीही दुकानाच्या पायरीला लागतात. विक्री वाढते. पण गल्लीतून पुढे जायला प्रत्येकाला जास्त रेटा द्यावा लागतो.

नळीतही हेच करतात, आणि ही युक्ती जुनी आहे. 1861 साली जेम्स ज्यूल यांनी वाफ थंड करण्याच्या प्रयोगात पाण्याच्या वाटेत तारेचे वेटोळे बसवले आणि उष्णतेची देवाणघेवाण वाढलेली पाहिली. 1896 मध्ये व्हिटम यांनी बॉयलरच्या नळ्यांत पीळ दिलेल्या पट्ट्या घालून त्यांचे परिणाम मांडले. धातूची लांब पट्टी दोन टोकांना धरून पिळायची आणि नळीत सरकवायची. पाणी तिच्या कडेने भोवऱ्यासारखे फिरत पुढे जाते. याखेरीज नळीच्या आतल्या अंगाला ठरावीक अंतरावर कडी काढतात, बाहेरून ठोकून खळगे पाडतात, किंवा नळीच गुंडाळून तिचे वेटोळे करतात. वेटोळ्यात वळणामुळे पाण्यात आपोआप दोन भोवरे तयार होतात. 1920 च्या दशकात डब्ल्यू. आर. डीन यांनी त्याचे गणित मांडले.

प्रत्येक युक्तीला किंमत असते, म्हणून तोलायला एक काटा लागतो. अभियंते तो असा वापरतात: उष्णता किती पट वाढली हा आकडा घ्यायचा आणि घर्षण किती पट वाढले त्याच्या घनमुळाने त्याला भागायचे. उत्तर 1 च्या वर आले तर फायदा, खाली आले तर तोटा. समजा पीळदार पट्टीने उष्णता दुप्पट झाली आणि घर्षण चौपट. 4 चे घनमूळ 1.59; 2 ला त्याने भागले की 1.26. म्हणजे तेवढीच पंपाची शक्ती खर्चून सव्वापट काम. पण घर्षण आठ पट झाले तर 8 चे घनमूळ 2, उत्तर 1. हाती काहीच लागले नाही. घर्षण दहा पट झाले तर साधी नळीच बरी.

आता पर्याय मोजा. पट्टीचा पीळ घट्ट की सैल? पट्टी पूर्ण रुंदीची की भिंतीपासून थोडी सुटी? कडी किती उंच, किती अंतरावर, किती तिरपी? प्रत्येकाचे पाच-पाच पर्याय धरले तरी जोड्या शेकड्यांत जातात. प्रत्येक नळी घडवायची, वाफ सोडायची, मोजायची म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. आणि मोजून कळते ते आत शिरताना किती तापमान होते आणि बाहेर पडताना किती झाले, एवढेच. मधे नळीच्या पोटात काय घडले ते तापमापक सांगत नाही. इथे संगणक कामाला येतो.

खातेवही

पाण्याच्या हालचालीची समीकरणे जुनी आहेत. 1822 मध्ये नाविए यांनी आणि 1845 मध्ये स्टोक्स यांनी ती मांडली. पण खवळलेल्या प्रवाहासाठी त्यांचे नेमके उत्तर कागदावर काढता येत नाही. म्हणून नळीचा अवकाश छोट्या छोट्या घरांत विभागतात आणि प्रत्येक घराचा जमाखर्च मांडतात. सुलतान बाजारातला कापडाचा व्यापारी रोज रात्री वही लिहितो, तसाच. घरात किती पाणी आले, किती गेले. किती उष्णता आली, किती गेली. भिंतीकडून किती मिळाली. जमा आणि नावे जुळलेच पाहिजे.

एक छोटी वही आपणच लिहू. ज्यूस हीटरच्या नळीत 30 अंशांचा रस शिरतो. भिंत वाफेमुळे 100 अंशांवर स्थिर आहे असे सोयीसाठी धरू. नळीचे पाच सारखे भाग करू. नळीची लांबी, रसाचा वेग आणि पापुद्रा असे धरू की प्रत्येक भागात रस आणि भिंत यांच्या तापमानातल्या फरकाचा पाचवा हिस्सा भरून निघतो.

पहिल्या भागात फरक 70 अंश; पाचवा हिस्सा 14; रस झाला 44. दुसऱ्या भागात फरक 56, वाढ 11.2, रस 55.2. तिसऱ्यात 64.2, चौथ्यात 71.3, पाचव्यात 77.1 अंश. झाले आपले पहिले सिम्युलेशन. वहीचे एक पान आणि एक पेन्सिल एवढ्यावर.

हे उत्तर बरोबर आहे का? प्रत्येक भागात आपण असे मानले की भागाच्या सुरुवातीचा फरक शेवटपर्यंत तसाच राहतो. खरे तर रस तापत जातो तसा फरक क्षणोक्षणी घटत असतो. म्हणून भाग बारीक करू. दहा भाग, प्रत्येकात दहावा हिस्सा: उत्तर 75.6. शंभर भाग, प्रत्येकात शंभरावा हिस्सा: 74.4. या सोप्या उदाहरणाचे नेमके उत्तर गणिताने काढता येते, ते 74.25 आहे. घरे बारीक केली तसे आपण खऱ्याजवळ सरकलो. पाचवरून दहावर जाताना उत्तर दीड अंशाने बदलले. शंभरच्या पुढे कितीही भाग केले तरी पाव अंशाचाही फरक पडणार नाही. घरे दुप्पट करूनही उत्तर हलेनासे झाले की जाळी पुरेशी बारीक झाली असे समजायचे. कोणतेही सिम्युलेशन पुढे ठेवले गेले की ही तपासणी झाली आहे का, हा पहिला प्रश्न विचारावा.

खऱ्या नळीत घरे लांबीच्या दिशेबरोबर आडव्या छेदातही पाडावी लागतात, कारण मधले पाणी आणि कडेचे पाणी वेगळे वागते. भिंतीलगत घरे फार बारीक हवीत. आपल्या 20 मिलिमीटरच्या नळीत भिंतीला टेकलेले पहिले घर सुमारे 0.014 मिलिमीटर उंचीचे लागते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा पाचवा भाग. सारा अडथळा तिथे आहे, म्हणून बारकाईही तिथेच हवी. एक मीटर नळीच्या छेदात 3,000 घरे आणि लांबीत 1,000 टप्पे धरले तर 30 लाख घरे होतात. प्रत्येक घराची वही वेगळी, आणि प्रत्येक वही शेजाऱ्यांच्या वहीशी बांधलेली.

पुण्याचा विद्यार्थी आणि दाबाचे कोडे

या वह्या जुळवण्याची जी रीत जगभर वापरली जाते, तिच्यावर एका मराठी माणसाचे नाव आहे.

सुहास पाटणकर यांचा जन्म 1941 साली पुण्यात झाला. 1962 मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते यांत्रिकी शाखेचे पदवीधर झाले, 1964 मध्ये आयआयटी मुंबईतून एम.टेक. झाले आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ब्रायन स्पॉल्डिंग यांच्या हाताखाली काम करून 1967 मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. उष्णता आणि प्रवाह यांची गणिते संगणकावर सोडवण्याचे इम्पीरियल हे तेव्हाचे मोठे केंद्र होते.

तिथे एक कोडे होते. पाण्याचा वेग कसा बदलतो याचे समीकरण आहे. तापमानाचेही आहे. दाबाचे स्वतःचे समीकरण नाही. आणि दाब माहीत नसेल तर वेग काढता येत नाही. 1972 साली पाटणकर आणि स्पॉल्डिंग यांनी प्रसिद्ध केलेल्या रीतीने हे कोडे सुटले. तिचे नाव ‘सिंपल’. दाबाने एकमेकांत गुंतलेली समीकरणे सोडवण्याची रीत, अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे.

ती समजायला पुन्हा गल्लीत जाऊ. कुठे किती रेटा आहे हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून आधी अंदाजाने धरतो. त्या रेट्याने माणसे किती वेगाने सरकतील ते काढतो. मग वही तपासतो. समजा एका टप्प्यात मिनिटाला 50 माणसे शिरली आणि 40 बाहेर पडली. माणसे एखादे वेळी दाटीवाटीने मावतील, पण पाणी दबून बसत नाही. मग 10 गेली कुठे? याचा अर्थ त्या टप्प्यातला रेटा आपण कमी धरला होता. तो वाढवला की आत येणारे कमी होतील आणि बाहेर जाणारे वाढतील. किती वाढवायचा, हे वहीतल्या तुटीवरूनच ठरते. सगळ्या टप्प्यांचा रेटा असा दुरुस्त करायचा, वेग पुन्हा काढायचे, वही पुन्हा तपासायची. शेकडो फेऱ्यांनंतर तूट नगण्य होते आणि दाब, वेग, तापमान तिन्ही हाती येतात. आपल्या चुकीतूनच दुरुस्तीचे माप काढायचे, हे या रीतीचे सौंदर्य आहे.

पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शिकवत असताना पाटणकरांनी 1980 साली एक पुस्तक लिहिले, उष्णतेच्या वहनाची आणि द्रवप्रवाहाची संख्यात्मक गणिते शिकवणारे. जेमतेम दोनशे पानांचे. जगभरच्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. त्यात चार मूलभूत नियम दिले आहेत. पहिला नियम असा की दोन घरांच्या सामाईक भिंतीतून जाणारा प्रवाह दोन्ही घरांच्या हिशोबात एकच असला पाहिजे. माझ्या वहीत जे नावे, ते शेजाऱ्याच्या वहीत जमा, पैचा फरक न होता. हा नियम पाळला की 30 लाख घरांची बेरीज आपोआप साऱ्या नळीची खरी बेरीज होते.

हीट एक्स्चेंजरशी पाटणकरांचा संबंध थेट आहे. 1974 मध्ये त्यांनी आणि स्पॉल्डिंग यांनी टाकी आणि नळ्यांच्या हीट एक्स्चेंजरचे गणित संगणकावर कसे करावे ते मांडले. 1977 मध्ये लिऊ आणि स्पॅरो यांच्यासह त्यांनी आणखी एक मोलाची गोष्ट दाखवली. नळीत ठरावीक अंतरावर तीच तीच कडी असतील, तर सुरुवातीचा थोडा भाग सोडल्यावर प्रवाहाची नक्षी प्रत्येक कड्यानंतर जशीच्या तशी पुन्हा उमटते. मग मीटरभर नळीचे गणित कशाला? दोन कड्यांमधल्या एकाच तुकड्याचे पुरे. लाखो घरांचे काम हजारांवर येते. पीळदार पट्टीच्या गणितातही हीच सोय कामी येते.

हे शास्त्र इकडेही रुजले. मुंबईत ज्येष्ठराज जोशी यांनी आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विवेक रानडे यांनी ते रासायनिक रिअ‍ॅक्टरच्या आतले प्रवाह समजून घ्यायला वापरले. गणनशक्तीही आली: 1988 साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला. त्या ‘परम’ घराण्यातला ‘परम सेवा’ आज आयआयटी हैदराबादेत आहे. मात्र आपल्या नळीच्या एका तुकड्याला महासंगणक लागत नाही. चांगला लॅपटॉप पुरतो.

पडद्यावर काय दिसते

कडी काढलेल्या नळीचे सिम्युलेशन पाहू. पाणी कड्यावर आदळते, उडी मारल्यासारखे वर उठते आणि पुढे पुन्हा भिंतीला टेकते. टेकण्याची जागा कड्याच्या उंचीच्या साधारण पाच ते आठ पट अंतरावर असते. तिथे मधले थंड पाणी थेट भिंतीवर आपटते, पापुद्रा सर्वांत पातळ होतो आणि उष्णता सर्वांत जोरात जाते. कड्याच्या लगेच मागे मात्र एक कोपरा असा राहतो जिथे पाणी जागच्या जागी गोल फिरत बसते. तिथे उष्णतेचे वहन मंदावते.

यातून अंतराचे उत्तर मिळते. कडी फार जवळ ठेवली तर पाणी भिंतीला टेकण्याआधीच पुढचे कडे येते आणि ते वरच्या वर निघून जाते. घर्षण वाढते, फायदा नाही. फार लांब ठेवली तर टेकलेले पाणी पुन्हा सावकाश होऊन नवा जाड सीमास्तर धरते. उंचीच्या सुमारे दहा पट अंतर बहुधा चांगले ठरते. प्रयोगशाळांनी हा आकडा मोजमापांतून काढला होता. सिम्युलेशनने त्यामागचे कारण डोळ्यांना दाखवले.

तो मागचा कोपरा साखर कारखान्याच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचा आहे. संथ पाण्यात क्षार बसतात. नळीत जमणारा खडूसारखा थर तांब्यापेक्षा शंभर पटींहून वाईट वाहक असतो. अर्धा मिलिमीटर थर जमला की मघाच्या पापुद्र्याइतकाच दुसरा अडथळा उभा राहतो आणि उष्णता निम्म्यावर येते. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या हैदराबादच्या गीझरांत हा पांढरा थर घरोघरी दिसतो. गाळप हंगामात कारखान्याला नळ्या साफ करण्यासाठी ठरावीक दिवसांनी थांबावे लागते. पट्टी किंवा कडी बसवलेल्या नळीत ब्रश कसा फिरवणार, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा. काढून घेता येणारी पट्टी अशा ठिकाणी कोरलेल्या कड्यांपेक्षा सोयीची. काट्यावर 1.26 आले म्हणून नळी घेऊन टाकली आणि महिन्याने ती चोंदली, तर तो हिशोब अपुरा होता.

विश्वास कधी ठेवावा

सिम्युलेशनची रंगीत चित्रे मोहक असतात. लाल, पिवळे, निळे पट्टे पाहिले की वाटते, नळीच्या आत डोकावलो. पण संगणक चुकीच्या गणितालाही तितकेच सुंदर रंग देतो.

खवळलेल्या प्रवाहातला प्रत्येक भोवरा मोजणे बहुतेक वेळा परवडत नाही, म्हणून त्याच्या सरासरी परिणामाचे एक मॉडेल वापरतात. 1974 मध्ये लॉन्डर आणि स्पॉल्डिंग यांनी रूढ केलेले मॉडेल सरळ नळीत चांगले चालते; पाणी भिंत सोडून उठते किंवा जोरात गरगरते तिथे ते अडखळते. अशा जागी 1994 चे मेंटर यांचे मॉडेल बरेचदा जास्त भरवशाचे ठरते. मॉडेल बदलल्यावर उत्तर किती बदलते, ते पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

म्हणून काम एका क्रमाने करावे. आधी साधी, काहीही न घातलेली नळी घ्यावी आणि तिचे उत्तर 1930 च्या उष्णतेच्या सूत्राशी व ब्लाझियस यांच्या 1913 च्या घर्षणाच्या सूत्राशी ताडून पाहावे. ते जुळले नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मग पट्टी घालावी, जाळी बारीक करून उत्तर हलते का पाहावे. शेवटी निवडलेल्या दोन-तीन नळ्या खरोखर घडवून त्यांत पाणी सोडावे आणि तापमापकाने मोजावे. सिम्युलेशन शेकडो पर्यायांतून दोन-तीन निवडून देते. अंतिम सही तापमापकाची.

मोजणे अवघडही नाही. घरच्या गॅस गीझरखाली 15 लिटरची बादली ठेवा, खिडकी उघडी असू द्या. बादली 3 मिनिटांत भरली आणि पाणी 25 अंशांनी तापले, तर 15 ला 25 ने आणि 4.19 ने गुणून 180 सेकंदांनी भागा. पाण्याला मिळालेली उष्णता सुमारे 8.7 किलोवॉट येईल. हाच प्रयोग वर्षभराने करा. पाण्याची धार तीच, ज्योतही तीच, आणि आकडा घटलेला, तर नळीत क्षार बसले किंवा बाहेर काजळी धरली असे समजा.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. या गणितांसाठी महागडी प्रणाली विकत घ्यावी लागते हे आता खरे नाही. ‘ओपनफोम’ ही प्रणाली 2004 पासून सर्वांना मोफत खुली आहे, आणि तिच्यातल्या रोजच्या वापराच्या एका सॉल्व्हरचे नावच ‘सिंपलफोम’ आहे. पाटणकर आणि स्पॉल्डिंग यांच्या 1972 च्या रीतीवरून ठेवलेले. पण ती उतरवून घेण्याआधी वही उघडा आणि मघाची पाच घरांची नळी स्वतःच्या हाताने सोडवा. मग दहा घरे करा, मग वीस. वीस घरांचे उत्तर मी मुद्दाम दिलेले नाही.